सामोरा नावाचा गोलकीपर

शाळेच्या आठवणी बाकीचे लिहितीलच, आणि माझ्यापेक्षा चांगल्या लिहितील. म्हणून मी एका गोलकीपरबद्दल लिहायचं ठरवलं. आपल्या वर्गातली मुलं पी.टी.च्या तासाला फुटबॉल खेळायची, तेव्हा गोलमध्ये कोण उभं राहायचं ते सगळ्यांना आठवत असेल. दोन्ही कॅप्टनांची माणसं निवडून झाली की जो शेवटी उरेल तो गोलकीपर. त्याने दहा चेंडू अडवले तरी कोणी बघायचं नाही, एक सुटला की सगळे बघायचे. अशा जागी उभ्या राहणाऱ्या माणसाला एका देशाने दैवी असं टोपणनाव द्यावं, त्याच्या नावावर सिनेमा काढावा, आणि युद्ध पेटल्यावर एका बाजूने त्याला तुरुंगात टाकावं तर दुसऱ्या बाजूने तो मेला म्हणून शोक करावा, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला कादंबरीच वाटली होती.

त्याचं नाव रिकार्डो सामोरा. स्पॅनिश उच्चार थामोराकडे झुकतो, आपल्याकडे इंग्रजीवरून झामोरा लिहितात. मी सामोरा लिहिते. चेंडूला सामोरं जाणं हेच ज्याचं काम, त्याला मराठीत याहून योग्य नाव सापडणार नाही.

21 जानेवारी 1901 ला तो बार्सिलोनात जन्मला. वडील डॉक्टर होते आणि मुलानेही डॉक्टर व्हावं अशी त्यांची इच्छा होती. आपल्यापैकी निम्म्या घरांत हेच वाक्य ऐकू यायचं, तेव्हा यात वेगळं काही नाही. पोरगं मात्र पंधराव्या वर्षी, 1916 साली, एस्पान्योल क्लबच्या गोलमध्ये उभं राहिलं. 1919 मध्ये क्लबशी खटका उडाल्यावर फुटबॉल सोडून वैद्यकीय शिक्षण घेण्याचं घाटत होतं. तेवढ्यात शहरातल्या दुसऱ्या मोठ्या क्लबने, बार्सिलोनाने, त्याला बोलावलं आणि डॉक्टरकी राहिली ती राहिलीच. त्याच बार्सिलोना संघात पाउलिनो अल्कान्तारा नावाचा गोल करणारा खेळाडू होता. तो मात्र खरोखर डॉक्टर झाला, आणि परीक्षा आहे म्हणून 1920 च्या ऑलिंपिकला गेला नाही. आपल्या बाईंना यातला कोण आवडला असता ते सांगायला नको.

याच संघात सामोराला जोसेप सामितिएर भेटला. हा मधल्या फळीत खेळायचा आणि लोक त्याच्यावर वेडे होते. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सामोराचे फोटो पाहिले तर आजच्या गोलकीपरशी त्याचं काही नातं आहे असं वाटत नाही. उंच गळ्याचा पांढरा स्वेटर, डोक्यावर चपटी टोपी, चेहऱ्यावर आपण फार चांगले दिसतो हे माहीत असल्याचा भाव. चेंडू पकडण्याइतका वेळ नसेल तर तो कोपराने किंवा हाताच्या पुढच्या भागाने ठोकरून चेंडू लांब घालवायचा. या लकबीला लोकांनी त्याचंच नाव दिलं, सामोराना. सिगारेटी भरपूर ओढायचा, कोन्याक त्याला वर्ज्य नव्हती. आजचा कोणताही ट्रेनर त्याला पहिल्या दिवशी घरी पाठवेल.

1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये स्पेनचा राष्ट्रीय संघ पहिल्यांदा मैदानात उतरला. याच ऑलिंपिकला भारतातूनही पहिल्यांदा संघ गेला होता. त्यात रणधीर शिंदे आणि कुमार नवले हे आपल्याकडचे पैलवान होते, धावपटू फडेप्पा चौगुले होते. स्पेनने पहिल्या सामन्यात डेन्मार्कला 1-0 ने हरवलं आणि एकोणीस वर्षांच्या सामोराचं नाव युरोपभर झालं. पुढे इटलीविरुद्ध त्याने प्रतिस्पर्ध्याला ठोसा लगावला आणि पंचांनी त्याला बाहेर काढलं. तेव्हा बदली खेळाडूची सोय नव्हती, मैदानातल्याच एकाला गोलमध्ये उभं राहावं लागलं. तरी स्पेन जिंकला, आणि शेवटी रौप्यपदक घेऊन परतला. परतताना सरहद्दीवर सामोराला हवाना सिगार चोरून आणल्याबद्दल पकडलं आणि दंड केला. पदक, ठोसा आणि सिगार, तिन्ही एकाच दौऱ्यात. देवमाणूस वगैरे तो कधीच नव्हता, हे आधीच सांगून ठेवते.

1922 मध्ये तो एस्पान्योलला परतला. 1926 मध्ये स्पेनमध्ये व्यावसायिक फुटबॉलला अधिकृत मान्यता मिळाली, आणि आतापर्यंत टेबलाखालून मिळणारे पैसे टेबलावर आले. त्याच सुमारास त्याला घेऊन एक मूकपट निघाला, ज्याच्या नावाचा अर्थ अखेर सामोराचं लग्न होतंय असा आहे. 15 मे 1929 ला माद्रिदमध्ये स्पेनने इंग्लंडला 4-3 ने हरवलं. इंग्लंड आधी 2-0 ने पुढे होता. ब्रिटिश बेटांबाहेरच्या संघाकडून इंग्लंड हरण्याची ती पहिली वेळ. सामोरा छातीचं हाड मोडलेल्या अवस्थेत शेवटपर्यंत खेळला असं सांगतात. पुढच्याच वर्षी माद्रिदने त्याला दीड लाख पेसेता मोजून विकत घेतलं, स्पेनमध्ये तोवर कोणा खेळाडूसाठी एवढी रक्कम मोजली गेली नव्हती.

1931 मध्ये राजा देश सोडून गेला आणि स्पेन प्रजासत्ताक झाला. राष्ट्राध्यक्षाचं आडनाव होतं अल्काला-सामोरा. यावरून एक गोष्ट फिरायची, खरी की खोटी कोण जाणे, की सामोरा राष्ट्राध्यक्ष झाला असं स्टॅलिनला सांगितलं तेव्हा त्याने विचारलं, तो गोलकीपर का?

त्याच वर्षीच्या डिसेंबरात स्पेनचा संघ लंडनला परतीचा सामना खेळायला गेला. हायबरीचं मैदान, ब्रिटिश हिवाळा आणि समोर दोन वर्षांपूर्वीच्या हरण्याचा वचपा काढायला बसलेले इंग्लिश खेळाडू. इंग्लंड 7, स्पेन 1. सुरुवातीचे गोल तर सरळ सामोराच्या चुकीने गेले. ज्याला पाहायला म्हणून लंडनकर आले होते, त्याच्यासमोरून सात वेळा चेंडू जाळ्यात गेला. मला त्याच्या आयुष्यातला हा सामना महत्त्वाचा वाटतो. एवढ्या कौतुकात वाढलेला माणूस अशा दिवसानंतर संपतो, किंवा निदान सबबी सांगायला लागतो. सामोरा माद्रिदला परत गेला आणि त्या मोसमात माद्रिद एकही सामना न हरता लीग जिंकला. 18 सामने, 10 विजय, 8 बरोबऱ्या, सगळ्या मोसमात विरुद्ध संघांचे मिळून 15 गोल.

आमच्या कामात, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये, एक गोष्ट सारखी तपासावी लागते: सगळी यंत्रणा एकाच भागावर टेकलेली आहे का, आणि तो भाग पडला तर काय होईल. असा भाग ठेवू नका, दोन ठेवा, तीन ठेवा, असं आम्ही नवीन मुलांना शिकवतो. फुटबॉलने हा नियम पहिल्यापासून मोडला आहे. माद्रिदने त्यावर शोधलेला उपाय असा की सामोरासमोर सिरियाको आणि किन्कोसेस हे दोन बचावपटू उभे केले. या तिघांची नावं तेव्हा स्पेनमधली पोरं एका दमात म्हणायची. एक गोल झाला आणि गोलमध्ये सामोरा असला की सामना जिंकलाच समजा, अशी एक यमक जुळलेली म्हणही होती.

1934 चा वर्ल्ड कप मुसोलिनीच्या इटलीत झाला. पहिल्या सामन्यात स्पेनने ब्राझीलला 3-1 ने हरवलं, त्यात सामोराने एक पेनल्टी अडवली. मग 31 मे ला फ्लॉरेन्समध्ये समोर यजमान इटली. हा सामना ज्यांनी पाहिला त्यांनी त्याचं वर्णन मारामारी असंच केलं आहे. रेगेइरोने स्पेनला पुढे नेलं. इटलीचा बरोबरीचा गोल झाला तेव्हा सामोराला एका इटालियन खेळाडूने अडवून धरलं होतं, पंचांनी तो गोल तरीही दिला. जादा वेळेतही 1-1. तेव्हा शूटआउट नव्हतं, दुसऱ्या दिवशी सामना पुन्हा खेळायचा. तेहतीस वर्षांचा सामोरा इतका ठेचला गेला होता की तो उतरूच शकला नाही. संघातले आणखीही कितीतरी जण तसेच. इटली 1-0 ने जिंकली आणि पुढे वर्ल्ड कपही. त्या दुसऱ्या सामन्याच्या स्विस पंचाला त्याच्या स्वतःच्या देशाच्या संघटनेने नंतर निलंबित केलं, यावरून काय ते समजा. मायदेशी प्रजासत्ताकाने सामोराला मोठा सन्मान दिला. ते पदक देणारा राष्ट्राध्यक्ष तोच, त्याच्या आडनावाचा.

आता 21 जून 1936. व्हॅलेन्सियाचं मेस्टाया मैदान, कपाचा अंतिम सामना, माद्रिद विरुद्ध बार्सिलोना. पहिल्या काही मिनिटांतच माद्रिदने दोन गोल केले, बार्सिलोनाच्या एस्कोलाने एक फेडला. माद्रिदचा एक खेळाडू जायबंदी झाला, दहाच जण उरले. उत्तरार्धभर बार्सिलोना चालून येत होती. अगदी शेवटी एस्कोलाला मोकळा चेंडू मिळाला आणि त्याने तो जमिनीलगत खांबाच्या आत मारला. मैदान कोरडं ठणठणीत, गवत जवळजवळ नाही. सामोरा झेपावला आणि धुळीचा लोट उठला. काही क्षण कोणाला काही दिसेना. बार्सिलोनाचे लोक गोल म्हणून ओरडायला लागले होते. मग धूळ बसली, आणि सामोरा चेंडू हातात घेऊन उभा. या झेपेचा फोटो आहे, इंटरनेटवर सहज सापडतो. धूळ, वाकलेला देह आणि मागे जाळं, बस्स. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. माद्रिदसाठी तो त्याचा शेवटचा सामना ठरला.

त्याला चार आठवडेही व्हायच्या आत, 17-18 जुलैला, लष्करातल्या एका गटाने प्रजासत्ताकाविरुद्ध बंड केलं आणि यादवी युद्ध सुरू झालं. एका बाजूला निवडून आलेलं सरकार आणि त्याच्यामागे उभे समाजवादी, कम्युनिस्ट, अराज्यवादी. दुसऱ्या बाजूला लष्कर, बहुतेक चर्च आणि फ्रँको. माद्रिद सरकारच्या ताब्यात राहिलं, पण रस्त्यांवर सत्ता हत्यारबंद जथ्थ्यांची होती. सामोरा कुठल्या पक्षात नव्हता. पण या नावाच्या एका कॅथलिक, उजव्या विचारांच्या दैनिकात तो फुटबॉलवर लिहायचा. त्या दिवसांत माद्रिदमध्ये एवढं कारण पुरेसं होतं.

तो लपला. तो दिसेनासा झाल्यावर बंडखोरांच्या बाजूच्या वर्तमानपत्रांनी छापलं की लालांनी सामोराला ठार मारलं. त्यांच्या ताब्यातल्या भागांत त्याच्या आत्म्याच्या शांतीसाठी चर्चमध्ये प्रार्थना झाल्या. प्रचाराला याहून चांगला बळी कुठून मिळणार? देशातला प्रत्येक शाळकरी मुलगा त्याचा चेहरा ओळखत होता. त्याच सुमारास, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, बार्सिलोना क्लबचा अध्यक्ष जोसेप सुन्योल माद्रिदजवळच्या डोंगरात चुकून फ्रँकोच्या सैनिकांच्या हद्दीत शिरला. त्यांनी त्याला तिथल्या तिथे गोळ्या घातल्या. फुटबॉलमधलं हे मरण खरं होतं. त्याच्यासाठी त्या बाजूला कोणी प्रार्थना केली नाही.

सामोरा मेला नव्हता, पण फार लांबही नव्हता. जथ्थ्यांनी त्याला पकडून माद्रिदच्या मोदेलो तुरुंगात टाकलं. ऑगस्टमध्ये या तुरुंगात शिरून कैद्यांना मारण्यात आलं होतं. नोव्हेंबरमध्ये फ्रँकोचं सैन्य माद्रिदच्या वेशीवर आल्यावर इथल्या कैद्यांना गाड्यांत भरभरून पाराकुएय्योस नावाच्या गावाबाहेर नेऊन गोळ्या घालण्यात आल्या. रात्री यादी वाचली जायची, आणि यादीत नाव आलं की माणूस परत यायचा नाही. ज्याचं नाव ऐकून अख्खं स्टेडियम उभं राहायचं, त्या माणसाला आपलं नाव कोणी घेऊ नये असं वाटण्याचे हे दिवस.

इथे एक विचित्र माणूस येतो. पेद्रो लुइस दे गाल्वेस, जन्म 1882, मालागाचा. सॉनेट लिहिणारा, दारिद्र्यात लोळणारा, उधाऱ्या बुडवणारा कवी. मेलेलं तान्हं मूल खोक्यात घालून तो माद्रिदच्या कॅफेंतून पुरण्यासाठी पैसे मागत फिरला अशी आख्यायिका त्याच्याबद्दल आहे. युद्धात तो कमरेला पिस्तुलं लावून जथ्थ्यांबरोबर हिंडू लागला. या माणसाने तुरुंगात येऊन सगळ्यांसमोर जाहीर केलं की सामोरा आपला मित्र आहे आणि त्याच्या केसालाही धक्का लावायचा नाही. सामोराने त्याला आपला फोटो सही करून दिला, आणि तुरुंगात माझ्यावर माया केली ती एकट्या यानेच, अशा अर्थाचं त्यावर लिहून दिलं. गाल्वेसने असेच आणखीही काही जण वाचवले, त्यांत उजव्या विचारांचे लेखक होते. एवढं करून त्याला काय मिळणार होतं हे मला कळलेलं नाही. कदाचित त्याला फुटबॉल आवडत असेल.

तुरुंगातून सुटल्यावर सामोराने अर्जेंटिनाच्या वकिलातीत आसरा घेतला. तिथून अलिकांते बंदर, अर्जेंटिनाची युद्धनौका आणि मार्सेय. अशा रीतीने स्पेनचा सर्वांत प्रसिद्ध गोलकीपर पस्तिसाव्या वर्षी निर्वासित म्हणून फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरला.

त्याच किनाऱ्यावर पुढे नीस आहे. तिथला क्लब तेव्हा फ्रान्सच्या दुसऱ्या श्रेणीत खेळत होता. नीसला सामोरा मिळाला आणि सामोराला नीस. परदेशी क्लबकडून खेळणं म्हणजे आज मोठा करार, विमानतळावर फोटो, हातात धरलेला नवा टी-शर्ट. सामोराचं परदेशी खेळणं हे असं नव्हतं. दीड लाख पेसेतांचा, 46 आंतरराष्ट्रीय सामने खेळलेला, इंग्लंडला हरवलेल्या संघाचा गोलकीपर दुसऱ्या श्रेणीतल्या मैदानांवर उभा राहिला, कारण त्या गोलपोस्टांमागे कोणी हत्यार घेऊन उभं नव्हतं. आणि तिथे त्याला भेटला सामितिएर. वर लक्षात ठेवायला सांगितलं होतं तो. त्यालाही बार्सिलोनात अराज्यवादी जथ्थ्याने धरलं होतं, तोही सुटून बोटीने फ्रान्सला आला होता. 1919 मध्ये बार्सिलोनात एकत्र खेळलेली, मग माद्रिदमध्येही काही काळ एकत्र आलेली ही दोन पोरं आता चाळिशीकडे झुकलेली, पुन्हा एका संघात, परक्या गावात. आपल्यातले जे कोणी दूरदेशी नोकरीला गेले आणि तिथे अचानक शाळेतलं कोणी भेटलं, त्यांना हे जास्त सांगायला नको.

नीसमध्ये सामोरा 1938 पर्यंत राहिला, आधी खेळाडू आणि मग प्रशिक्षक म्हणून. त्याच्या कारकिर्दीतलं हे प्रकरण बहुतेक चरित्रलेखक दोन ओळींत संपवतात. कप नाही, विक्रम नाही, सांगण्यासारखा सामना नाही. मला मात्र त्याचीच ही दोन वर्षं सगळ्यात जास्त दिसतात. समुद्र तोच, भूमध्य, फक्त किनारा वेगळा. मार्च 1938 मध्ये मुसोलिनीच्या विमानांनी बार्सिलोनावर सलग तीन दिवस बॉम्ब टाकले, आणि त्याचं जन्मगाव जळत असल्याची बातमी तो फ्रेंच वर्तमानपत्रांत वाचत असणार. पुढच्या रविवारी सामना असेल तर टोपी घालून मैदानावर जात असणार. दुसरं करण्यासारखं काय होतं?

खरं तर होतं. फ्लॉरेन्समध्ये इटलीविरुद्ध गोल करणारा लुइस रेगेइरो, माद्रिदमधला त्याचा सहकारी, 1937 मध्ये बास्क खेळाडूंचा संघ घेऊन प्रजासत्ताकाच्या बाजूने देशोदेशी सामने खेळत फिरत होता. तो मेक्सिकोत राहिला तो कायमचाच. बार्सिलोना क्लबचा संघही त्याच वर्षी मेक्सिको-अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला आणि त्यातले कितीतरी जण परतले नाहीत. सामोराने हे केलं नाही. 1938 च्या अखेरीस तो स्पेनला परतला, पण फ्रँकोच्या ताब्यातल्या भागात. सान सेबास्तियानमध्ये फ्रँकोच्या सैनिकांच्या मदतीसाठी झालेल्या सामन्यात तो उतरला.

यावर त्याला दोष द्यायचा का? मोदेलोमध्ये रात्री नावं ऐकलेल्या माणसाला दोष द्यायला मी तयार नाही. पण तो कुठल्याच बाजूचा नव्हता, बिचारा खेळाडू होता, असं जे त्याच्याबद्दल लिहिलं जातं, तेही मला पटत नाही. अमुक एक दारातून परत यायचं हे त्याने ठरवलं होतं. त्या दारातून आल्यामुळे त्याला जे मिळालं ते मोठं होतं.

युद्धानंतर फ्रँकोच्या हवाई दलाचा संघ आणि माद्रिदचा अथलेटिक क्लब एकत्र करून आतलेतिको आविआसियोन नावाचा संघ बनवण्यात आला. त्याचा प्रशिक्षक सामोरा. एप्रिल 1940 मध्ये या संघाने लीग जिंकली, आणि पुढच्या वर्षी पुन्हा जिंकली. त्याच एप्रिल 1940 मध्ये, लीग संपते न संपते तोच, माद्रिदच्या एका तुरुंगात गाल्वेसला गोळ्या घालण्यात आल्या. प्रजासत्ताकाच्या बाजूने बंदूक मिरवल्याचा आरोप होता. ज्यांचे जीव त्याने वाचवले होते ते बहुतेक विजेत्यांच्या बाजूला होते. त्याचा त्याला काही उपयोग झाला नाही.

या दोन गोष्टी एकाच शहरात, एकाच महिन्यात घडल्या, एवढंच मी सांगू शकते. सामोराच्या चरित्रात एप्रिल 1940 हे आनंदाचं पान असतं आणि गाल्वेसच्या चरित्रात शेवटचं. दोन्ही पुस्तकं वेगवेगळ्या कपाटांत ठेवलेली असतात.

पुढचं थोडक्यात सांगता येईल. 1946 नंतर तो व्हिगो शहराच्या सेल्टा क्लबचा प्रशिक्षक झाला आणि 1948 मध्ये त्यांना कपाच्या अंतिम सामन्यापर्यंत नेलं. मग मालागा, आणि त्याचा पहिला क्लब एस्पान्योलही. 1952 मध्ये थोडा काळ राष्ट्रीय संघ त्याच्याकडे होता. 1943 च्या एका फुटबॉलपटात तो स्वतःच्याच भूमिकेत दिसला. मुलगा, त्याचंही नाव रिकार्डो, गोलकीपरच झाला, यात नवल नाही. त्या घरात डॉक्टर व्हायला कोणी सांगितलं नसेल. फ्रँकोच्या राजवटीनेही 1950 च्या दशकात सामोराला मोठा किताब दिला. म्हणजे एकमेकांच्या जिवावर उठलेल्या दोन राजवटींची पदकं एका माणसाच्या कपाटात होती. त्याचा 46 आंतरराष्ट्रीय सामन्यांचा स्पॅनिश विक्रम कित्येक दशकं टिकला.

सप्टेंबर 1978 मध्ये तो बार्सिलोनात गेला, जिथे जन्मला होता तिथेच. फ्रँको जाऊन तेव्हा तीन वर्षंही झाली नव्हती, आणि नव्या राज्यघटनेवरचं मतदान तीन महिन्यांवर आलं होतं. हायबरीच्या सात गोलांचा विषय कोणी काढला तर तो काय म्हणायचा, मेस्टायाच्या धुळीत चेंडू हाताला लागला की नाही हे त्याला तरी त्या क्षणी कळलं होतं का, हे विचारायला मला आवडलं असतं. मोदेलोबद्दल मी काही विचारलं नसतं.

आपल्या शाळेतल्या फुटबॉलवेड्यांना त्याचं नाव एका वेगळ्या कारणाने ऐकून माहीत असेल. स्पेनचं मार्का हे क्रीडादैनिक 1958-59 पासून दर मोसमात, सामन्यामागे सगळ्यात कमी गोल होऊ देणाऱ्या गोलकीपरला एक पुरस्कार देतं, तोच सामोरा पुरस्कार. अलीकडच्या काळात तो सगळ्यात जास्त वेळा यान ओब्लाकने नेला आहे. ओब्लाक स्लोव्हेनियाचा आहे, घरापासून दूर माद्रिदमध्ये खेळतो, आणि ज्या क्लबकडून खेळतो तो आतलेतिको, 1940 मध्ये सामोराने पहिली लीग जिंकून दिली तोच.